डार्क एनर्जीऐवजी बदलता जी: मॉडेल आधी कागदावर, मग लॅपटॉपवर कसं तपासावं

विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेगावत आहे, हे १९९८ साली दोन गटांनी दूरच्या सुपरनोव्हांवरून दाखवलं. २०११ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. तेव्हापासून एक वाट अनेकांना खुणावते: डार्क एनर्जी नावाचा अनोळखी घटक मानण्यापेक्षा गुरुत्व स्थिरांक जी हाच काळानुसार बदलतो असं धरलं तर? कल्पना काही नवी नाही. डिरॅकने १९३७ मध्येच जी काळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो असं सुचवलं होतं. ब्रान्स आणि डिकी यांनी १९६१ मध्ये त्याला नीट फील्ड सिद्धांताचं रूप दिलं. हॉईल आणि जयंत नारळीकर यांच्या गुरुत्व सिद्धांतातही जी बदलण्याला जागा होती.

नागपुरात आणि एकूणच विदर्भात गणित विभागांमधून सुधारित गुरुत्वाच्या मॉडेलांवर बरंच लिहिलं जातं. नेहमीचा क्रम ठरलेला असतो. मेट्रिक (अवकाश-काळातलं अंतर मोजायचं सूत्र) घ्यायची, फील्ड समीकरणं मांडायची, मंदन प्राचलाचं (प्रसरण किती मंदावतं ते सांगणाऱ्या आकड्याचं) एखादं सोयीचं रूप गृहीत धरायचं, पाच-सहा आलेख काढायचे आणि शेवटी लिहायचं, ‘हे मॉडेल निरीक्षणांशी सुसंगत आहे.’ पुढचं सगळं त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. ते लिहिण्याचा हक्क मिळवायला काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. यातलं निम्मं काम कागद आणि कॅल्क्युलेटरवर होतं, आणि बहुतेक मॉडेलं तिथेच गळतात. लॅपटॉप सुरू करायची वेळच येत नाही.

एककं आधी वठणीवर आणा

हबल स्थिरांक, म्हणजे विश्व आज किती वेगाने फुगतं तो दर, किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक या एककात ठेवून जी च्या बदलाशी तुलना करायला गेलात की घोळ ठरलेलाच. सोपी युक्ती अशी: तो आकडा ९७७.८ ने भागा, उत्तर ‘दर अब्ज वर्षांना’ या एककात येतं. ७० भागिले ९७७.८ म्हणजे ०.०७१६. विश्व आज अब्ज वर्षांना सुमारे ७.२ टक्के या दराने फुगतं आहे. यापुढे जी चा बदलही याच एककात लिहायचा, म्हणजे अब्ज वर्षांत किती टक्के. दहाच्या उणे घातांची गर्दी टळते आणि कुठला आकडा कशापेक्षा मोठा ते नजरेनेच कळतं.

जी किती बदलायला लागेल?

सपाट विश्व, फक्त पदार्थ, डार्क एनर्जी शून्य. विश्वाच्या प्रसरणाची दोन समीकरणं फ्रीडमनच्या नावाने ओळखली जातात. त्यातल्या पहिल्यात एच चा (प्रसरणाच्या दराचा) वर्ग हा जी गुणिले घनतेच्या प्रमाणात असतो आणि घनता स्केल फॅक्टरच्या (विश्व आजच्या किती पट आकाराचं ते सांगणाऱ्या आकड्याच्या) घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. प्रसरण वेगावायचं तर एच आणि स्केल फॅक्टर यांचा गुणाकार काळाबरोबर वाढायला हवा. या गुणाकाराचा वर्ग काढा: उरतं ते जी भागिले स्केल फॅक्टर. तेव्हा जी हा स्केल फॅक्टरपेक्षा जास्त जोरात वाढत गेला पाहिजे.

इथे पुष्कळ जण अडखळतात. ‘जी घटत गेला की ओढ ढिली पडेल आणि प्रसरण आपोआप वेगावेल’ हा समज मनाला पटतो, पण हे समीकरण उलटं सांगतं. जी घटता ठेवून वेगावणारं विश्व मिळालं असेल, तर घटत्या जी शिवाय दुसरंही काहीतरी समीकरणात शिरलं आहे. ते काय, ते शोधा.

आता नेहमीच्या लॅम्डा मॉडेलसारखाच (लॅम्डा म्हणजे न बदलणारी डार्क एनर्जी) इतिहास हवा असेल, म्हणजे ०.३ पदार्थ आणि ०.७ लॅम्डा असल्यासारखा, तर जी आणि आजचा जी यांचं गुणोत्तर ०.३ अधिक ०.७ गुणिले स्केल फॅक्टरचा घन इतकं घ्यावं लागतं. रेडशिफ्ट (प्रसरणामुळे प्रकाशाची लहर किती ताणली गेली ते माप; आकडा मोठा तर काळ जुना) ०.५ ला ते ०.५१ येतं, रेडशिफ्ट १ ला ०.३९, आणि फार मागे गेलं की ०.३ वर टेकतं. आजचा बदलाचा दर ३ गुणिले ०.७ गुणिले ७.१६, म्हणजे अब्ज वर्षांना १५ टक्के. हा आकडा वहीत चौकटीत लिहून ठेवा.

चंद्राचा निकाल

अपोलो ११, १४, १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेले आणि सोव्हिएत लुनोखोद गाड्यांवर बसवलेले परावर्तक आजही कामाचे आहेत. पृथ्वीवरून लेसरचा ठोका सोडायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा. १९६९ पासून हे मोजमाप सुरू आहे आणि आता अचूकता मिलिमीटरच्या घरात पोचली आहे. जी बदलत असता तर चंद्राची कक्षा भरती-ओहोटीच्या परिणामापेक्षा वेगळ्या रीतीने सरकली असती. २०१८ साली छापून आलेल्या विश्लेषणात जी चा बदल अब्ज वर्षांना ०.००७१ टक्के, त्रुटी ०.००७६ टक्के, असा निघाला. म्हणजे शून्याशी अगदी जुळणारा. बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाच्या मोजमापांवरूनही मर्यादा ०.००४ टक्क्यापर्यंत खाली आली आहे.

वरच्या चौकटीत १५ टक्के आहेत. दोन हजारपट फरक. हा फरक त्रुटींच्या हिशेबात बुजवता येत नाही.

डिरॅकचा जी घेतला तर अब्ज वर्षांना सुमारे ७ टक्के घट येते. तोही याच कारणाने बाद. ब्रान्स-डिकीची गोष्ट जरा निराळी. त्यात ओमेगा नावाचा स्थिरांक असतो आणि पदार्थप्रधान सपाट विश्वात जी काळाच्या उणे (२ भागिले (४ अधिक ३ ओमेगा)) या घाताने बदलतो. कॅसिनी यानाच्या रेडिओ लहरी सूर्याजवळून जाताना किती उशिरा पोचल्या, त्यावरून २००३ मध्ये ओमेगा ४०,००० च्या वर असल्याचं ठरलं. सूत्रात घालून पाहा: जी चा बदल अब्ज वर्षांना ०.०००१ टक्क्याच्या आसपास. चंद्राच्या कसोटीवर मॉडेल पास, पण इतक्या क्षीण बदलातून प्रसरण वेगावणं अशक्य. शोधनिबंधांत ओमेगा ‘उणे १.५ ते उणे १’ असा धरून प्रवेग दाखवलेला दिसला, तर लेखकाने कॅसिनीला कसं टाळलं ते आधी बघायचं. बहुधा टाळलेलं नसतं, विसरलेलं असतं.

यातून निसटायचा एकच सभ्य मार्ग आहे: सूर्यमालेसारख्या दाट जागी जी चा बदल झाकला जातो आणि विरळ अवकाशात मोकळा राहतो असं मॉडेल. २००४ मध्ये आलेली खौरी आणि वेल्टमन यांची कॅमेलिऑन यंत्रणा किंवा वाइनश्टाइन यंत्रणा ही त्याची उदाहरणं. तुमच्या मॉडेलमध्ये अशी यंत्रणा असेल तर ती समीकरणासकट दाखवा. नुसतं ‘स्क्रीनिंगमुळे स्थानिक मर्यादा लागू नाहीत’ असं लिहून चालत नाही.

समीकरणं एकमेकांशी भांडत नाहीत ना?

ही चाचणी सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त टाळली जाणारी. फ्रीडमनच्या पहिल्या समीकरणात जी च्या जागी जी(टी) लिहिलं, तर वर पाहिल्याप्रमाणे जी जोरात वाढल्यास प्रसरण वेगावतं. आता तेच दुसऱ्या समीकरणात करा, जिथे प्रवेग म्हणजे उणे चार पाय जी रो भागिले ३, गुणिले स्केल फॅक्टर; रो म्हणजे घनता. जी धन आहे तोवर उजवी बाजू ऋणच. इथे प्रसरण कधीच वेगावत नाही. एकाच मॉडेलची दोन समीकरणं दोन उत्तरं देतात!

कारण उघड आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणाच्या डाव्या बाजूचं डायव्हर्जन्स बियांकीच्या सर्वसमिकेमुळे (भूमितीतूनच येणाऱ्या एका नियमामुळे) नेहमी शून्य असतं. उजवीकडे जी बदलता ठेवला आणि पदार्थ मात्र स्वतंत्रपणे जतन होतो असं धरलं, तर ती बाजू शून्य राहत नाही. दुरुस्तीचे मार्ग तीन. पदार्थाचं जतन सोडून द्या. मग कण कुठून निर्माण होतात याचा हिशेब द्यावा लागतो. किंवा लॅम्डाही बदलता ठेवा, जेणेकरून आठ पाय गुणिले जी चा बदलदर गुणिले घनता, अधिक लॅम्डाचा बदलदर, हे मिळून शून्य होईल. हे गणिती दृष्ट्या स्वच्छ आहे, पण डार्क एनर्जी हाकलायला निघालो आणि ती मागच्या दाराने घरात आली, असं होतं. तिसरा मार्ग, जी ला खऱ्या स्केलर फील्डचा दर्जा द्या आणि त्या फील्डची स्वतःची ऊर्जाही समीकरणात लिहा. ब्रान्स-डिकी, एफ(आर) आणि होर्नडेस्की कुळातली सगळी मॉडेलं हेच करतात. प्रकल्पासाठी आमची शिफारस याच मार्गाची. त्यात कष्ट जास्त, पण तोंडी परीक्षेत धडगत असते.

होर्नडेस्की घेत असाल तर एक तारीख लक्षात ठेवा: १७ ऑगस्ट २०१७. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोचले. गुरुत्वलहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा ठेवणारी मॉडेलं त्या एका घटनेने मोडीत काढली. जुन्या निबंधातून लॅग्रांजियन (ज्यातून मॉडेलची समीकरणं निघतात ते सूत्र) उचलण्याआधी तो या चाळणीतून गेला आहे का, ते बघा.

सुपरनोव्हा स्वतः जी वर अवलंबून आहे

प्रकार १-ए सुपरनोव्हा म्हणजे श्वेतबटूचा (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या गाभ्याचा) स्फोट, आणि चंद्रशेखर मर्यादा, म्हणजे श्वेतबटूचं कमाल वस्तुमान, जी च्या उणे दीड घाताच्या प्रमाणात असते. स्फोटाची तेजस्विता त्या वस्तुमानाच्या प्रमाणात धरली, तर जी बदलला की प्रतीत (तेजस्वितेच्या मापात; आकडा मोठा तर तारा मंद) १५/४ गुणिले लॉग (जी भागिले आजचा जी) एवढा फरक पडतो. लॉग दहा पायाचा. इथे नैसर्गिक लॉग घेतला की उत्तर २.३ पटींनी चुकतं.

उदाहरण करून पाहू. रेडशिफ्ट ०.५ ला लॅम्डा मॉडेल आणि फक्त-पदार्थ मॉडेल यांच्या अंतरात ०.४० प्रतीचा फरक पडतो. प्रसरण फक्त-पदार्थाचंच आहे आणि फरक सगळा जी मुळे, असं म्हणायचं तर तेव्हाचा जी आजच्या १.२८ पट हवा. फक्त-पदार्थ विश्वात रेडशिफ्ट ०.५ म्हणजे ४.२ अब्ज वर्षांपूर्वी, तेव्हा दर आला अब्ज वर्षांना जवळपास ६ टक्के घट. चंद्र पुन्हा आडवा येतो. शिवाय या विश्वाचं वय ९.३ अब्ज वर्षं, आणि गोलाकार तारकागुच्छांतले तारे त्याहून म्हातारे!

पृथ्वीही साक्षीला आहे. सूर्याची तेजस्विता जी च्या सातव्या घाताने वाढते हे एडवर्ड टेलरने १९४८ मध्ये दाखवलं. जी मोठा असताना पृथ्वीची कक्षाही लहान असणार. दोन्ही मिळून पृथ्वीचं तापमान जी च्या सव्वादोन घाताने बदलतं. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीसाठी वरचाच दर वापरा: जी तेव्हा आजच्या सव्वापटीच्या जरा खाली, तापमान २८८ केल्विनवरून साधारण ४५५ केल्विनवर. तरुण सूर्य आजच्यापेक्षा पावपट मंद होता हे जमेला धरलं तरी १५० अंश सेल्सिअसच्या आसपास उरतं. नागपूरचा मे महिना त्यापुढे थंड हवेचं ठिकाण. आणि त्या काळातल्या खडकांत तर उथळ पाण्यातल्या जीवांनी रचलेले थर सापडतात.

या भागात एक पेच आहे, तो नीट समजून घ्या. प्रसरण वेगावायला जी वाढता हवा. चंद्रशेखर सूत्राने सुपरनोव्हा मंद दिसायला जी घटता हवा. दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. त्यात भर अशी की २०१८ मध्ये राइट आणि ली यांनी प्रकाशवक्राचा आकारही जी बरोबर कसा बदलतो ते हिशेबात घेतलं, आणि दुरुस्त केलेली तेजस्विता जी वाढल्यावर घटत नाही, वाढते, असं त्यांना आढळलं. दिशाच उलटी! म्हणून उणे दीड हा घात डोळे झाकून वापरू नका. घाताला मोकळं प्राचल ठेवा, ऋण आणि धन दोन्ही बाजूंनी, आणि निकाल त्यावर किती अवलंबून आहे ते आलेखात दाखवा.

आता लॅपटॉप

इतक्या चाळण्यांतून काही उरलं असेल तर पँथिऑन प्लस हा सुपरनोव्हांचा संच उतरवून घ्या. तो गिटहबवर मोफत आहे. त्यात १५५० सुपरनोव्हांचे १७०१ प्रकाशवक्र आहेत, रेडशिफ्ट ०.००१ ते २.२६. दोन फाइली लागतात: एक मोजमापांचा तक्ता, दुसरी सांख्यिकी आणि पद्धतीच्या त्रुटी एकत्र असलेली कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स, म्हणजे मोजमापांच्या त्रुटी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत त्याचा तक्ता. दुसऱ्या फाइलच्या पहिल्या ओळीत फक्त १७०१ हा आकडा असतो आणि त्याखाली एका रकान्यात २८,९३,४०१ संख्या. पहिली ओळ न वगळता मॅट्रिक्स केली तर एक संख्या जास्त भरते आणि रीशेप अडतो. हे बरंच आहे; न अडता सगळं एक घर सरकलं असतं तर कळलंही नसतं.

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप, पायथन, नमपाय, सायपाय आणि एमसी (emcee, प्राचलांच्या शक्य किमती चाचपणारं पॅकेज) एवढं पुरेसं. पुढचा क्रम असा ठेवा.

१. रेडशिफ्ट ०.०१ च्या खालचे प्रकाशवक्र काढून टाका. तिथे आकाशगंगांचे स्वतःचे वेग प्रसरणात मिसळतात. १५९० उरले पाहिजेत. तीच गाळणी कोव्हेरिअन्सच्या ओळींना आणि स्तंभांना, दोन्हींना लावा. फक्त ओळींना लावल्याने होणारी चूक नमपाय लगेच पकडतो, पण तक्ता रेडशिफ्टप्रमाणे नव्याने क्रमाने लावून मॅट्रिक्स तशीच ठेवली, तर कोणीही पकडत नाही.

२. अंतराचं इंटिग्रल सूर्यकेंद्री रेडशिफ्टवर करू नका. ते दुरुस्त केलेल्या (एचडी) रेडशिफ्टवर करायचं आणि बाहेरचा एक अधिक झेड हा गुणक सूर्यकेंद्री घ्यायचा. शून्य ते २.३ पर्यंत २००० बिंदूंची जाळी, ट्रॅपेझॉइडने बेरीज, मग इंटरपोलेशन. प्रत्येक सुपरनोव्हासाठी वेगळं क्वाड बोलावलं तर रन तासन्‌तास चालेल.

३. आपलं मॉडेल घालण्याआधी कोड तपासा. हबल ७०, पदार्थ ०.३, सपाट, रेडशिफ्ट ०.५ ला तेजस्विता-अंतर २८३३ मेगापार्सेक आणि अंतर-मापांक (तेच अंतर प्रतीच्या मापात) ४२.२६ यायला हवा. नाही आला तर पुढे जाऊ नका.

४. सुपरनोव्हाची मूळ तेजस्विता आणि हबल स्थिरांक हे एकमेकांत विरघळलेले असतात. फक्त या संचावरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. दुरुस्त प्रतीचा रकाना घ्या आणि उभा सरकाव गणितानेच काढून टाका: काय-वर्ग (मॉडेल आणि मोजमापं यांतल्या तफावतीचं माप) बरोबर ए उणे बी-वर्ग भागिले सी. ए म्हणजे अवशेषांचा कोव्हेरिअन्सच्या व्यस्तासह वर्ग, बी म्हणजे त्याच व्यस्तासह अवशेषांची बेरीज, सी म्हणजे व्यस्ताच्या सगळ्या घटकांची बेरीज. व्यस्त मॅट्रिक्स प्रत्यक्ष काढू नका. मॅट्रिक्सचं चोलेस्की विभाजन एकदाच करून ठेवा. १५९० च्या मॅट्रिक्सला मेमरी जेमतेम २० एमबी लागते.

५. आधी साधं लॅम्डा मॉडेल बसवा. पदार्थ ०.३३ च्या जवळ आणि काय-वर्ग १४०० च्या आसपास मिळेल. १५९० बिंदूंना १४०० कमी वाटतो, कारण या संचात त्रुटी जरा सढळ हाताने धरल्या आहेत. तेव्हा ‘आमच्या मॉडेलचा काय-वर्ग प्रति बिंदू एकापेक्षा कमी, म्हणून उत्तम’ हे वाक्य निरर्थक आहे. तुलना लॅम्डाशीच करा.

६. मग जी चं मॉडेल. एमसीचे ३२ वॉकर (प्राचलांच्या किमतींत एकत्र भटकणाऱ्या साखळ्या), ५००० पावलं. एक गणन ५ मिलिसेकंदांत होत असेल तर पाव तासाच्या आत रन संपतो.

पाव तासाचा रन तीन प्राचलांपर्यंत. ग्रोथ (आकाशगंगांच्या गुच्छांच्या वाढीची मोजमापं) आणि सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी (विश्वाच्या बालपणापासून उरलेला प्रकाश) जोडली की तो रात्रभराचा होतो. उन्हाळ्यात दुपारी ४५ अंशांत प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून लांब रन रात्रीच लावा. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओलसर असते. साखळी दर पावलाला एचडीएफ फाइलमध्ये जतन होईल असं एमसीचं बॅकएंड सुरू ठेवा. वीज गेली तरी तिथूनच पुढे चालतं.

निकाल लिहिताना

जास्तीचं प्राचल फुकट मिळत नाही. बीआयसी हा निकष प्रत्येक प्राचलामागे १५९० चा नैसर्गिक लॉग, म्हणजे ७.४, इतका दंड लावतो. काय-वर्ग ३ ने सुधारला म्हणून मॉडेल सरस ठरत नाही. देसी या आकाशगंगांच्या सर्वेक्षणाच्या २०२५ मधल्या निकालांत डार्क एनर्जी काळानुसार बदलत असल्याचा इशारा सुपरनोव्हांचा कोणता संच जोडला त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा असा हलला. एकाच संचावर बसलेल्या मॉडेलवर किती भर द्यायचा, ते यावरून ठरवा.

स्क्रीनिंग असलेलं मॉडेल असेल तर प्रसरणाच्या इतिहासावर थांबू नका; तो लॅम्डासारखा करता येतोच. फरक दिसतो तो आकाशगंगांच्या गुच्छांच्या वाढीत. वाढीच्या समीकरणात पदार्थाच्या पदाला म्यू(ए) हा गुणक (त्या काळी गुरुत्व नेहमीच्या किती पट ते) लावा, स्केल फॅक्टर ०.००१ पासून सुरुवात करा, तिथे वाढ आणि तिचा लॉग-स्केल फॅक्टरनुसार दर, दोन्ही ०.००१ ठेवा. म्यू एक ठेवल्यावर वाढीचा वेग पदार्थाच्या अंशाच्या ०.५५ घाताइतका येतो का ते पाहा. आला तर कोड ठीक. नंतर एफ-सिग्मा-आठच्या (वाढीचा वेग गुणिले पदार्थ किती गुच्छाळ आहे ते माप) मोजमापांशी तुलना करा. ती मोजमापं विशिष्ट लॅम्डा मॉडेल गृहीत धरून काढलेली असतात, तेव्हा प्रत्येक बिंदूला तुमच्या आणि त्यांच्या एच गुणिले कोनीय अंतराच्या गुणोत्तराने दुरुस्त करा. यापुढे सूक्ष्मलहरींपर्यंत जायचं असेल तर कोड हाताने लिहीत बसू नका, हाय-क्लास किंवा ईएफटी-कॅम्ब हे तयार कोड वापरा. आणि त्यात म्यू एक ठेवून नेहमीच्या क्लास किंवा कॅम्बशी आलेख जुळतो का, हे पहिल्याच दिवशी बघा.